माहलरची ‘कयामत’, झुबिन मेहता आणि आपण

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत हे श्रीमंतांचे, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांचे आणि दक्षिण मुंबईतल्या सभागृहांचे संगीत आहे, आपला त्याच्याशी काही संबंध नाही, असे आपण गृहीत धरतो. मुस्लिम समाजात त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते : मुळात संगीतच कशाला? माझे मत वेगळे आहे. पन्नास वर्षांपूर्वी व्हिएन्ना शहरात ध्वनिमुद्रित झालेली एक सिम्फनी भंडारा जिल्ह्यातल्या मराठी मुसलमानाने आवर्जून ऐकावी, असे मला वाटते. ती ऐकून कोणी मोठा रसिक ठरेल म्हणून मी हे सांगत नाही. त्या सिम्फनीचा विषय आपल्याला मदरशात जायच्या वयापासून ठाऊक आहे, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसांची कहाणी आपल्या कहाणीला फार जवळची आहे, म्हणून सांगते.

ही सिम्फनी म्हणजे गुस्ताव माहलरची दुसरी सिम्फनी. ‘पुनरुत्थान’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. फेब्रुवारी 1975 मध्ये डेक्का कंपनीने ती व्हिएन्नाच्या सोफियनझाल या सभागृहात मुद्रित केली. वादक होते व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे, समूहगान तिथल्या स्टेट ऑपेराच्या गायकवृंदाचे, एकल गायिका होत्या इलियाना कोत्रुबास आणि क्रिस्टा लुडविग. या सगळ्यांना हाताच्या इशाऱ्यावर चालवणारा माणूस होता मुंबईचा, अडतीस वर्षांचा झुबिन मेहता. माहलरच्या या सिम्फनीची अनेक मुद्रणे झाली आहेत. त्यांतल्या सर्वोत्तमांची यादी निघाली की जाणकार या मुद्रणाचे नाव आजही घेतात. ज्या सोफियनझालमध्ये ते झाले ती इमारत मुळात स्नानगृहाची. हिवाळ्यात पोहण्याच्या तलावावर लाकडी जमीन टाकून तिथे नाच भरत. खालच्या त्या पोकळ जागेमुळे आवाजाला गोलाई येई, आणि म्हणूनच मुद्रण कंपनीने ती जागा निवडली. 2001 साली आगीत ते सभागृह जळाले. त्याचा नाद आता अशा मुद्रणांतच उरला आहे.

आता विषयाकडे वळू. सिम्फनीचे पाच भाग आहेत आणि तिला सुमारे ऐंशी मिनिटे लागतात. पहिला भाग मय्यतीचा आहे. तार वाद्यांचा एक थरकाप, त्याखालून चेलो आणि डबल बासची खोल, तुटक गुरगुर, आणि मग जनाजा निघतो. हा भाग माहलरने 1888 मध्ये लिहिला आणि पुढे कित्येक वर्षे त्याला शेवट सुचेना. हान्स फॉन ब्यूलो या त्या काळच्या नामवंत संचालकाला त्याने तो पियानोवर वाजवून दाखवला, पण ब्यूलोला तो मुळीच रुचला नाही. 1894 मध्ये हेच ब्यूलो वारले. हॅम्बुर्गच्या चर्चमध्ये त्यांच्या अंत्यविधीला मुलांच्या गायकवृंदाने मेलेल्यांच्या पुन्हा उठण्याचे एक गीत गायले. त्या क्षणी माहलरला आपल्या सिम्फनीचा शेवट मिळाला. ज्याने पहिला भाग नाकारला, त्याच्याच मय्यतीने शेवटचा भाग दिला. 1895 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ती प्रथम संपूर्ण सादर झाली.

शेवटचा भाग म्हणजे सरळसरळ कयामत. माहलरने स्वतः त्याचे वर्णन करून ठेवले आहे : धरती हादरते, कबरी उघडतात, राजे आणि भिकारी एकाच रांगेत चालू लागतात, आणि मग ती अखेरची हाक ऐकू येते. कुरआनात सूर फुंकला जाण्याचे वर्णन आहे, आणि तो फुंकणाऱ्या फरिश्त्याचे नाव आपल्या परंपरेत इस्राफील आहे. माहलरने ही हाक मंचावरच्या वादकांकडून वाजवून घेतलेली नाही. हॉर्न आणि ट्रम्पेट घेऊन काही वादक सभागृहाच्या बाहेर, दूर उभे राहतात. तिथून आवाज येतो, थांबतो, दुसऱ्या दिशेने येतो. मधल्या शांततेत बासरी एखाद्या पक्ष्यासारखी बोलते, जणू धरतीवरचा शेवटचा जीव. आणि मग गायकवृंद सुरू होतो, इतक्या हळू आवाजात की लोक गायला लागले हे क्षणभर कळतच नाही.

आपल्या अकीद्यात आणि माहलरच्या कल्पनेत इथे फरक आहे, तोही सांगायला हवा. आपल्याकडे हश्राच्या मैदानात हिशेब आहे, मीझान आहे, आमालनामा आहे. माहलरच्या कयामतीत न्यायाधीश नाही, पापी नाही, पुण्यवान नाही, शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही. सगळ्यांना उजळून टाकणारे एक प्रेम आहे, असे तो म्हणतो. हे मला मान्य नाही. हिशेब नसेल तर ज्याच्यावर जुलूम झाला त्याचे काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पण मतभेद असूनही ती शेवटची दहा मिनिटे ऐकताना अंगावर काटा येतो. ज्याच्याशी आपण वाद घालतो त्याचे ऐकता येणे, ही मला फार उपयोगाची गोष्ट वाटते.

नववीच्या वर्गाला मी हा भाग एकदा ऐकवला. माझी मुले उर्दू माध्यमाची. कोणाचे वडील गॅरेजमध्ये, कोणाचे भाजीच्या हातगाडीवर, एकाचे लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे. सिम्फनी म्हणजे काय हे मी आधी मुद्दामच सांगितले नाही. दूरच्या ट्रम्पेटचा तो भाग आला तेव्हा बँडवाल्याचा मुलगा म्हणाला, “टीचर, ये तो बरात है, पर अगली गली में!” वर्ग हसला. मला मात्र वाटले की यापेक्षा चांगले रसग्रहण कोणी केले नसते. आवाज अंतरावरून येतो आहे आणि ते अंतरच खरे आहे, हे त्याच्या कानाने ताबडतोब ओळखले. आपला भंडारा पितळी भांड्यांचा. इथल्या कासारांचे काम एकेकाळी दूरवर जाई. तांबे आणि जस्त मिळून जे पितळ होते, त्याचीच ट्रम्पेट आणि हॉर्न बनतात. माहलरने या सिम्फनीसाठी दहा हॉर्न मागितले आहेत. ‘हे आपले नाही’ असे म्हणण्याआधी आपल्या गल्लीत काय वाजते ते नीट ऐकावे.

आता माणसांकडे येते. माहलरचा जन्म 1860 सालचा, बोहेमियातल्या एका खेड्यातला, ज्यू घरात. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते. तो स्वतःला तीनदा बेघर म्हणवून घेई, असे सांगतात : ऑस्ट्रियात बोहेमियन म्हणून, जर्मनांत ऑस्ट्रियन म्हणून आणि साऱ्या जगात ज्यू म्हणून. हे वाचले तेव्हा मला हसू आले, कारण आपली गणती याहून वेगळी नाही. लखनऊकडचे आमच्या उर्दूला मराठी समजतात, मराठी मंडळी आमच्या मराठीला उर्दू समजतात, आणि पुण्या-मुंबईची मंडळी दोन्हींना ‘नागपूरकडचे’ म्हणून एकाच पोत्यात टाकतात. आमच्या झाडीपट्टीतली मराठी तर नागपूरलाही निराळी वाटते.

व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचे प्रमुखपद हे माहलरचे स्वप्न होते. ज्यू माणसाला ते मिळणे जवळजवळ अशक्य होते. फेब्रुवारी 1897 मध्ये त्याने बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक धर्म स्वीकारला आणि त्याच वर्षी पद मिळाले. दहा वर्षे त्याने त्या ऑपेराला युरोपात अव्वल स्थानी ठेवले. तरीही ज्यूद्वेष्टी वर्तमानपत्रे त्याच्यामागे लागलेलीच होती. 1907 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि 1911 मध्ये, आजारी अवस्थेत व्हिएन्नाला परतून वारला. त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, 1938 मध्ये, ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला. माहलरचे संगीत तिथल्या मंचावरून उतरवले गेले. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने आपल्या ज्यू वादकांना काढून टाकले. उरलेल्यांपैकी जवळपास निम्मे पुढे नाझी पक्षाचे सदस्य होते. काढलेल्यांत अर्नोल्ड रोझे होते. 1881 पासून ते या वाद्यवृंदाचे अग्रणी व्हायोलिनवादक होते आणि माहलरचे मेहुणेही. सत्तावन्न वर्षांची सेवा त्यांच्या कामी आली नाही. म्हातारपणी त्यांना लंडनला आसरा घ्यावा लागला. त्यांची मुलगी आल्मा रोझे आउश्विट्झच्या छळछावणीत स्त्री-कैद्यांचा वाद्यवृंद चालवत होती. 1944 मध्ये ती तिथेच मरण पावली.

1975 मध्ये त्याच वाद्यवृंदासमोर, त्याच ज्यू संगीतकाराची सिम्फनी घेऊन, एक मुंबईकर पारशी उभा राहिला. त्या मुद्रणात मला हे सगळे ऐकू येते.

झुबिन मेहता आकाशातून पडले नव्हते. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्या काळच्या मुंबईत असे संगीत वाजवणारे कोण होते? पारशी होते, चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेले गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, आणि युरोपातून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासितही होते. या निर्वासितांपैकी वॉल्टर कॉफमन हे नाव आपण लक्षात ठेवले पाहिजे. हाही माहलरसारखा बोहेमियाचा. प्रागच्या विद्यापीठात त्याने माहलरवरच प्रबंध लिहिला, पण मार्गदर्शक नाझी असल्याचे कळल्यावर पदवी घ्यायला नकार दिला. 1934 मध्ये तो मुंबईला आला आणि पुढे आकाशवाणीत काम करू लागला. आकाशवाणीची जी ओळखधून सकाळी रेडिओ लावला की पहिल्यांदा वाजायची, ती याच कॉफमनची. तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवल्याचे सांगतात. तुमसर, पवनी, साकोलीच्या घरांत फजरच्या नमाजीनंतर चहा उकळताना ज्या धूनने दिवस सुरू व्हायचा, ती माहलरच्या एका अभ्यासकाची आणि झुबिन मेहतांच्या वडिलांची देणगी आहे. एवढे जवळचे नाते असताना ‘आपला काय संबंध’ असे आपण म्हणतो.

गोव्याच्या त्या वादकांनीच पुढे हिंदी चित्रपटसंगीत घडवले. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी पडद्यामागे राहून स्वरलेखन केले, वाद्यमेळ रचला. 1952 च्या ‘आन’साठी नौशादसाहेबांनी शंभर वादकांचा ताफा बसवला होता. लखनऊचा मुसलमान संगीतकार, हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ : आपल्या आजी-आजोबांच्या कानांवर हे सगळे पडलेले आहे.

झुबिन मेहतांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले आणि 1954 मध्ये, अठरा वर्षांचे असताना, ते व्हिएन्नाला शिकायला गेले. मोठ्या संचालकांच्या तालमी विद्यार्थ्यांना पाहू देत नसत. तेव्हा मेहता आणि त्यांचा मित्र क्लाउडिओ अब्बादो गायकवृंदात भरती झाले. गाता गाता ब्रूनो वॉल्टरसारख्यांचे काम समोरून पाहता यावे, एवढ्यासाठी. हे वॉल्टर म्हणजे तरुणपणी माहलरचे सहायक राहिलेले गृहस्थ. उस्ताद-शागिर्दाची साखळी आपण जाणतो. इथे ती दोनच कड्यांत माहलरपर्यंत जाते.

ही कहाणी सांगितली की लगेच एक धडा काढला जातो : बघा, एका अल्पसंख्य समाजातला मुलगा मेहनतीने कुठे पोहोचला, तुम्हीही मेहनत करा, समाज तुम्हाला स्वीकारेल. शिक्षिका म्हणून मेहनतीचा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. दुसऱ्या भागाशी मात्र माझे भांडण आहे.

एका प्रशिक्षणात मी संत-वाङ्मयावर बोलले होते. नंतर एक सहकारी अतिशय आपुलकीने म्हणाले, “मॅडम, तुमचे मराठी इतके शुद्ध आहे की तुम्ही मुसलमान वाटतच नाही.” त्यांना कौतुकच करायचे होते, यात मला शंका नाही. पण या कौतुकात एक अट लपलेली असते. शुद्ध मराठी बोलाल, अभंग पाठ म्हणाल, शिवजयंतीला भाषण कराल, तर तुम्ही आमचे. आणि एखाद्या दिवशी बोलीतला शब्द निघाला, तर पुन्हा रांगेच्या शेवटी. माहलरने सगळ्या अटी पाळल्या. धर्म बदलला, भाषा आत्मसात केली, त्या शहराला जगात मान मिळवून दिला. रोझेंनी सत्तावन्न वर्षे वाजवले. 1938 मध्ये यातले काहीही मोजले गेले नाही. प्रावीण्य हे आपलेपणाचे भाडे म्हणून भरायला लागलो, तर घरमालक कधीही भाडे वाढवू शकतो.

म्हणून मी माझ्या मुलांना दोन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगते. मराठी तुमची आहे, कारण तुम्ही इथे जन्मलात आणि वैनगंगेचे पाणी पिता. त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. आणि मराठी उत्तम शिका, कारण तुकोबा वाचता येणे हा आनंद आहे आणि अर्ज नीट लिहिता येणे ही ताकद आहे. ज्याला मराठी जेमतेम येते त्या मुलाचाही या मातीवर तेवढाच हक्क आहे. मेहतांचे मोठेपण मी याच अर्थाने घेते. ते व्हिएन्नाला ‘स्वीकारले जायला’ गेले नाहीत, शिकायला गेले. कला वारशाने मिळत नाही, ती रोजच्या रियाजाने येते. माहलर कोणाचा, याचे उत्तर जो त्याला नीट वाजवतो आणि जो मन लावून ऐकतो त्याचा, एवढेच आहे.

आता तो अवघड मुद्दा. मेहतांचे इस्रायल फिलहार्मोनिकशी अर्ध्या शतकाचे नाते होते. 1977 पासून ते तिचे संगीत-संचालक होते आणि 2019 मध्ये निवृत्त झाले. 1967 च्या युद्धात ते धावून तिथे गेले होते. गाझातली दृश्ये पाहिलेल्या माझ्या वाचकांना हे टोचेल, मलाही टोचते. इस्रायली सरकारच्या धोरणांवर त्यांनी जाहीर टीका केली आहे, नाझरेथ आणि शफा-अम्रमधल्या अरब मुलांना संगीत शिकवण्याच्या उपक्रमाला बळ दिले आहे. एवढ्याने सगळा हिशेब पुरा होतो, असे मी म्हणणार नाही. पण आणखी दोन नोंदी त्याच वहीत आहेत. 1992 मध्ये सर्ब तोफखान्याने सारायेव्होचे राष्ट्रीय ग्रंथालय जाळले. जून 1994 मध्ये, शहराला वेढा पडलेला असताना, त्या ग्रंथालयाच्या भग्न भिंतींत मेहतांनी सारायेव्होच्याच वादक-गायकांना घेऊन मोझार्टचे शोकगीत सादर केले. मुस्लिमबहुल, उपाशी, गोळीबाराखालचे ते शहर त्या दिवशी जगाच्या टीव्हीवर दिसले. 1999 मध्ये त्यांनी वायमारला, बुखेनवाल्ड छळछावणीच्या सान्निध्यात, जर्मन आणि इस्रायली वाद्यवृंद एकत्र बसवून माहलरची हीच सिम्फनी वाजवली.

आणि 2013 मध्ये श्रीनगरच्या शालिमार बागेत त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा निमंत्रण फक्त निवडक लोकांना होते. सामान्य काश्मिरी बंदोबस्ताच्या बाहेर राहिले आणि नागरी संघटनांनी त्याच दिवशी आपला वेगळा कार्यक्रम घेतला. पुढच्या वेळी स्टेडियममध्ये सर्वांसाठी वाजवायचे आहे, असे मेहता म्हणाले होते. माणसाचे निर्णय तपासावेत, त्यावर बोलावे, आणि त्याची कलाही ऐकावी. एकासाठी दुसरे सोडण्याची गरज नाही.

राहिला प्रश्न संगीत जायज की नाजायज. या विषयावर उलेमांत मतभेद आहेत आणि ते शेकडो वर्षांचे आहेत. इमाम गझालींनी समाअवर सविस्तर लिहिले आहे, चिश्ती सिलसिल्याने कव्वाली जपली, आणि दहाव्या शतकात अल-फाराबीने संगीतशास्त्रावर मोठा ग्रंथ रचला. ज्यांना टाळायचे आहे त्यांच्या तकव्याचा मला आदर आहे. पण घराघरांत मोबाइलवर रील वाजत असताना, फक्त चांगले संगीत आले की फतव्याची आठवण व्हावी, हे मला पटत नाही.

माझी सूचना छोटी आहे. वेळापत्रकात कला किंवा संगीताचा तास असतो आणि बहुतेक ठिकाणी तो गणिताला दिला जातो. महिन्यातून असा एक तास ‘ऐकण्याचा’ ठेवा. मोबाइल आणि एक साधा स्पीकर पुरेसा आहे. एकदा दंडारीतले गाणे, एकदा कव्वाली, एकदा अभंग, एकदा माहलरची शेवटची दहा मिनिटे. नंतर मुलांनी काय ऐकले ते दोन ओळी मराठीत आणि दोन ओळी उर्दूत लिहायचे. भाषेच्या शिक्षकाला यातून जे मिळते ते पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायातून मिळत नाही, हा माझा अनुभव आहे.

मोठ्यांसाठीही तेच. एखाद्या रात्री इशानंतर, घर शांत झाल्यावर, 1975 चे ते मुद्रण लावा. इंटरनेटवर ते सहज सापडते. सगळे ऐकायला जमले नाही तर शेवटचा भाग ऐका. आवाज सुरुवातीला थोडा वाढवून ठेवा, कारण गायकवृंद खरोखरच फार हळू सुरू होतो. मग मात्र लवकर कमी करा, नाहीतर शेजारी उठतील.